दर वेळी तेच पाप, मग कन्फेशनला जायचं तरी कशाला? एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई वसईकडच्या, नोकरी मुंबईत, रोजची विरार लोकल. घरी सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं, मोठा दहा वर्षांचा. संध्याकाळी घरी पोचलं की चिडचिड होते, आरडाओरडा होतो आणि कधीकधी मोठ्यावर हात उठतो. दर महिन्याला कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करताना, हेच सांगायचं, बाहेर येऊन ठरवायचं की आता नाही म्हणजे नाही, आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा तेच. मागच्या वेळी फादरांच्या वैतागलेल्या आवाजात 'पुन्हा तेच?' असं ऐकायला मिळालं. रात्री रोझरीची जपमाळ म्हणताना पाचांपैकी दुसऱ्या रहस्यालाच, म्हणजे दुसऱ्या भागालाच, डोळे मिटतात. आता मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायच्या लाइनीत उभं राहायची लाज वाटते, आपण ढोंगी आहोत असं वाटतं. म्हणून त्या विचारतात की स्वतःत सुधारणा होईपर्यंत चर्चला जाणं बंद ठेवावं का, आणि देव आपल्याला कंटाळतो का.

मी बरीच वर्षं धर्मग्रामात, म्हणजे आमच्या पॅरिशमध्ये, मुलांना धर्मशिक्षण देते आणि रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, येणाऱ्या लोकांसोबत एकेकट्याने बसते, म्हणजे ते बोलतात, मी ऐकते, मग आम्ही मिळून प्रार्थना करतो. वयाने मोठी आहे म्हणून ताई, तुला तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी सरळ उत्तर देते. चर्च बंद करू नकोस. आणि हा निर्णय आत्ता, या मनःस्थितीत तर अजिबात घेऊ नकोस. हे माझं मत नाही, संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेचे जे नियम लिहून ठेवले त्यातला हा अगदी ठळक नियम आहे की मन कोरडं पडलेलं असताना, सगळा अंधार वाटत असताना आधी घेतलेला कुठलाही निश्चय बदलायचा नाही, त्याला घट्ट धरून राहायचं. त्यामागचं कारण असं की अशा वेळी आपल्याला सल्ला देणारा आवाज देवाचा नसतो. आवाज कुणाचा ते ओळखायची खूण मी सगळ्यांना सांगते ती तुलाही सांगते. पवित्र आत्मा चूक दाखवतो तेव्हा एकच नेमकी गोष्ट दाखवतो आणि लगेच पुढची वाटही दाखवतो, 'आज मुलाला मारलंस, जा, त्याच्याजवळ बस.' दुसरा आवाज असतो तो कधी नेमकं बोलत नाही, तो म्हणतो तू अशीच आहेस, तुझं काही होणार नाही, तू ढोंगी आहेस, कशाला जातेस तिथे. पहिल्या आवाजाने डोळ्यांत पाणी येतं पण पाय देवाकडे वळतात, दुसऱ्याने पाय घरातच अडकतात. तुझा प्रश्न मी दोनदा वाचला आणि त्यातला 'ढोंगी' हा शब्द कुठून आलाय ते मला स्पष्ट दिसतंय.

ढोंगी तो, जो आत एक आणि बाहेर एक ठेवतो आणि ते झाकायला धडपडतो. तू तर दर महिन्याला जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगतेस.

आता कम्युनियनचं बघू, कारण तिथेच तुला जास्त टोचतंय. मिस्सेत कम्युनियनच्या अगदी आधी आपण सगळे काय म्हणतो ते आठव. त्या रोमन शताधिपतीचं वाक्य, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी लायकी नाही, फक्त शब्द बोल. हे वाक्य फादरही म्हणतात, पहिल्या बाकावरच्या सिस्टरही म्हणतात, साक्षात पोपही म्हणतात. लायकी नाही असं मोठ्याने बोलल्याशिवाय चर्च कुणालाच पुढे पाठवत नाही, मग लायकी नाही म्हणून तू मागे राहणार हे कसं चालेल. आमच्या आजीच्या पिढीत लोक कम्युनियन फार क्वचित घ्यायचे, आदल्या दिवशी कन्फेशन झालं तरच घ्यायचे, आणि ती भीती घराघरांतून आपल्यापर्यंत झिरपत आलेली आहे. पण पोप दहावे पायस यांनी १९०५ सालीच सांगितलं होतं की कम्युनियन हे पुण्यवान असल्याचं बक्षीस नाही, रोजच्या दोषांवरचं औषध आहे, ते वारंवार घ्यावं. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तेच म्हटलं, की हे परिपूर्ण लोकांसाठीचं बक्षीस नसून दुबळ्यांसाठीचं औषध आणि अन्न आहे. त्याच्याही खूप आधी, चौथ्या शतकात, संत आम्ब्रोज म्हणून गेलेत की मी सतत पाप करतो म्हणून मला सतत औषध लागतं.

मात्र इथे एक गोष्ट नीट समजून घे, अर्धवट सांगून तुला खूश करायचं नाहीये मला. गंभीर पाप झालं असेल तर आधी कन्फेशन आणि मग कम्युनियन, हा चर्चचा नियम आहे आणि तो राहणारच. पण गंभीर पाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर हवा, तो गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवं, आणि तरीही पूर्ण मर्जीने, ठरवून केलेलं हवं. थकून, अचानक, भान सुटून जे होतं त्यात ती तिसरी गोष्ट बऱ्याचदा अपुरी असते. चर्चच्या धर्मशिक्षणात हे स्पष्ट लिहिलंय की भीती, दडपण, सवय, मानसिक अवस्था यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. कमी होते म्हणजे संपते असं नाही. मुलाला लागलंय, त्याच्या मनाला लागलंय, आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. पण तुझ्या बाबतीत नक्की काय आहे हे तू एकटीने रात्री साडेअकराला ठरवू नकोस आणि माझं उत्तर वाचूनही ठरवू नकोस, एका चांगल्या कन्फेसरला, म्हणजे कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांना, एकदाच नीट विचार, ते सांगतील ते मान आणि मग दर रविवारी लाइनीत उभं राहून तोच हिशोब परत उघडू नकोस.

कन्फेसर चांगला म्हणजे कसा, तर ज्याच्याकडे तू दर वेळी जाशील असा. आपल्याकडे लोक काय करतात की तेच पाप परत सांगायची लाज वाटते म्हणून या महिन्यात इथे, पुढच्या महिन्यात पलीकडच्या चर्चमध्ये, मग कधी बांद्र्याला. त्याने लाज वाचते पण मदत मिळत नाही, कारण प्रत्येक फादरला ते पाप पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं, त्याच्यामागचा पॅटर्न कुणालाच दिसत नाही. ज्यांनी तुला 'पुन्हा तेच' म्हटलं त्यांच्याकडेच परत जा असं मी म्हणत नाही, दुसरे शोध, पण शोधल्यावर तिथेच टिकून राहा. पहिल्यांदा जाशील तेव्हा नुसतं 'मी रागावले' असं म्हणून सोडू नकोस, 'फादर, हे माझं जुनं दुखणं आहे, बरेच महिने चालू आहे, घरी अशी अशी परिस्थिती आहे' हे दोन वाक्यांत सांग. नुसतं पाप सांगितलं तर क्षमा मिळेल, परिस्थिती सांगितली तर सोबत रस्ताही मिळेल.

आणि पुन्हा तेच होणार हे माहीत असताना 'पुन्हा करणार नाही' म्हणणं खोटं नाही का, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात आहे, जवळजवळ सगळ्यांच्या मनात असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये रोममधल्या कन्फेसरांसाठी एक पत्र लिहिलं होतं, त्यात हे स्वच्छ सांगितलंय की आपण परत पडू शकतो हे आधीच दिसत असलं तरी त्याने निश्चय खोटा ठरत नाही. निश्चय इच्छेचा असतो, गॅरंटी द्यायची नसते. तू आत्ता, या क्षणी, परत मारायचं नाहीये असं मनापासून म्हणतेस ना, तेवढं पुरे.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट मी रिट्रीटमध्ये नेहमी घेते, आणि त्यातले तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगते. पहिला प्रसंग शेवटच्या भोजनाच्या रात्रीचा, पेत्र म्हणतो सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. तो खोटं बोलत नव्हता, अगदी मनापासून बोलत होता, पण त्याची सगळी भिस्त स्वतःच्या निश्चयावर होती, आणि कोंबडा आरवायच्या आत येशूला तीन वेळा नाकारून मोकळा झाला. दुसरा प्रसंग त्याच्या आधीचा, समुद्रातला. वारा बघून घाबरला, बुडायला लागला आणि ओरडला, 'प्रभूजी, मला वाचवा.' शास्त्रात लिहिलंय की येशूने तत्काळ हात पुढे करून त्याला धरलं. काठावर येऊन दाखव, मग बघू, असं येशू म्हणाला नाही. बोलला तो अल्पविश्वासाबद्दल, पण हात धरल्यावर. तिसरा प्रसंग पुनरुत्थानानंतरचा, किनाऱ्यावर कोळशाची शेगडी पेटलेली, मासे भाजलेले, आणि येशू त्याला तीन वेळा एकच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण येशू इतकं सगळं होऊनही 'परत नाकारणार नाहीस ना' असं विचारत नाही. तो प्रश्न त्याने विचारलाच नाही. प्रीती आहे का एवढं विचारलं आणि लगेच माझी मेंढरं पाळ म्हणून काम दिलं.

आता तुझं बघ. कन्फेशनमधून बाहेर आल्यावर तू काय करतेस, ठरवतेस. 'आता नाही म्हणजे नाही.' हे पहिल्या प्रसंगातल्या पेत्राचं वाक्य आहे. आणि मग संध्याकाळी सात वाजता जेव्हा खरोखर पाणी नाकातोंडात जातं तेव्हा तू देवाला हाक मारत नाहीस, त्या वेळी तू एकटीच लढतेस. देवाची आठवण येते ती नंतर रात्री, माफी मागायला. माझं सगळं सांगणं खरं तर एवढंच आहे की ती हाक रात्रीवरून उचल आणि सात वाजता आण. देवावर भरवसा ठेवणं म्हणजे मनात काहीतरी मोठी श्रद्धा दाटून येणं नाही, नेमक्या त्या वेळी, हात वर जायच्या आधी, तोंडातून दोन शब्द निघणं.

हे दोन शब्द आयते आहेत, नवीन शोधायची गरज नाही. पाचव्या शतकात योहान कॅसियन नावाच्या संन्याशाने इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकलेली एक रीत लिहून ठेवली आहे, की सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ दिवसभर, प्रत्येक अवस्थेत, भूक लागली तरी, झोप येत नसली तरी, राग आला तरी म्हणत राहायची. ओळीचा भाव असा: देवा, मला सोडवायला ये, प्रभू, लवकर ये. आजही फादर आणि सिस्टर लोक रोजच्या प्रार्थनेचे तास याच ओळीने सुरू करतात. तुला एवढंही लांब वाटलं तर 'प्रभू, लवकर ये' एवढंच म्हण. पण ही ओळ रागाच्या वेळी आठवावी असं वाटत असेल तर ती राग नसताना जिभेवर बसवावी लागते, आणि तुझ्याकडे त्यासाठी लोकलचा वेळ आहे. वसईला गाडीत चढायला मिळणं हीच एक परीक्षा, मला माहीत आहे, बसायला मिळेलच असं नाही, रोझरीची माळ काढायला हात मोकळा नसतो, पण ही ओळ दांडीला लटकूनही म्हणता येते. अंधेरी गेलं, बोरिवली गेलं, भाईंदरची खाडी आली, म्हणत राहा. सकाळी आणि परत येताना.

मग घरी पोचायची वेळ. इग्नेशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत दिली त्यात एकच दोष धरायचा आणि तो नेमका कधी, कुठे, कशाच्या मागोमाग होतो हे बघायचं, असं आहे. लोक आत्मपरीक्षण म्हणजे रात्री स्वतःला झोडपणं समजतात, ते तसं नाहीये. तू आठवडाभर फक्त बघ. माझा अनुभव असा आहे की बहुतेक आयांचा राग मुलामुळे येतच नाही, तो दारातून आत आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात येतो: पोटात दुपारनंतर काही नाही, खांद्यावरची बॅग अजून खाली ठेवलेली नाही, सासूबाईंचे कपडे बदलायचे आहेत, गॅसवर काही नाही, आणि तेवढ्यात मुलगा होमवर्कची वही पुढे करतो किंवा करत नाही. तुझंही तसंच निघालं तर पापाच्या यादीत एक नवीन निश्चय वाढवण्यापेक्षा त्या अर्ध्या तासाचं काहीतरी कर. पर्समध्ये केळं, चिक्की, काहीतरी ठेव आणि स्टेशनवरून घरी येताना खा. आपल्याकडे घराघरांपुढे क्रूस असतो, तुझ्या अंगणात किंवा गल्लीच्या तोंडाशी असेलच, तिथे आत जायच्या आधी मिनिटभर थांब, चप्पल घालूनच थांब, आणि मोठ्याने नाही पण शब्दांत सांग, 'प्रभू, मी आता आत चालले आहे, माझ्यात काही शिल्लक नाही, तू आधी आत जा.' मग आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं वही नाही, अभ्यास नाही, हात-पाय धुणं आणि चहा. हे ऐकायला फार साधं वाटेल. पण कृपा अशाच साध्या फटीतून आत शिरते हे मी बऱ्याच घरांत बघितलंय, आणि आध्यात्मिक जीवन म्हणजे केळं नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांना मी बायबलमधल्या एलियाची गोष्ट सांगते. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर.

मुलाचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुझं दुबळेपण देव समजून घेतो पण त्याची किंमत मुलाने मोजायची नाही. कन्फेशनमध्ये देवाची क्षमा मिळाली म्हणजे मुलाशी बोलायची गरज संपली असं होत नाही. ज्या दिवशी हात उठेल त्याच दिवशी, तो झोपायच्या आत, त्याच्या उंचीला खाली बसून सांग, 'मी तुला मारलं, ते चुकलं. मला राग आवरला नाही. तू मार खाण्यासारखं काही केलं नव्हतंस.' पुढे 'पण तूही ना' असं जोडू नकोस, तिथेच थांब. आईचा मान जाईल अशी भीती बाळगू नकोस, उलट माफी मागायची कशी आणि क्षमा करायची कशी हे त्याला माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात जेवढं कळणार नाही तेवढं त्या एका वाक्यात कळेल. आणि जर मारण्याने वळ उठत असतील, थांबायचं म्हटलं तरी हात थांबत नसेल, किंवा स्वतःला किंवा मुलाला काही करून टाकू असे विचार येत असतील तर ही गोष्ट प्रार्थनेवर टाकून बसायची नाही, त्या दिवशी मुलाला नणंदेकडे, शेजारी, कुणाकडेही पाठव आणि डॉक्टर गाठ. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही. बायबलमधल्या सिराच्या ग्रंथात, अडतिसाव्या अध्यायात लिहिलंय की वैद्याला मान दे, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलंय.

रोझरीत झोप लागते त्याची काळजी मात्र सोड. लिझ्यूच्या संत तेरेसा, ज्या चोविसाव्या वर्षी १८९७ मध्ये क्षयाने गेल्या आणि ज्यांना पुढे चर्चच्या महान आचार्यांमध्ये स्थान मिळालं, त्या स्वतः लिहितात की मठात कित्येक वर्षं प्रार्थनेच्या वेळी आणि कम्युनियननंतर त्यांना झोप लागायची, आणि त्याचं त्यांना दुःख वाटत नव्हतं, कारण आईबापांना मुलं झोपलेली असतानाही तेवढीच आवडतात. त्या तर मठात होत्या, पहाटे उठून डबे करून ट्रेन पकडणारी तू आहेस. पाच रहस्यं जमत नसतील तर एक म्हण, पण झोपायच्या वेळी नाही, चहाच्या वेळी म्हण, मुलांना घेऊन म्हण.

सेंट पॉलबद्दल थोडं लिहिते, कारण 'दुबळेपणात देव' म्हटलं की सगळे त्यांचंच वचन सांगतात पण त्याच्या आधीची गोष्ट सोडून देतात. त्यांच्या शरीरात एक काटा होता, तो नक्की काय होता हे आजपर्यंत कुणाला ठरवता आलेलं नाही, आजार म्हणतात, छळ म्हणतात, मोह म्हणतात. तो काढून टाक म्हणून त्यांनी तीन वेळा विनंती केली. एवढा मोठा प्रेषित, आणि काटा निघाला नाही. उत्तर आलं ते असं: 'माझी कृपा तुला पुरे आहे; कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते.' म्हणजे तुझा राग कदाचित पूर्ण जाणारच नाही, हे मी तुला प्रामाणिकपणे सांगते. कमी होईल, हात उठायचा थांबेल, तो थांबायलाच हवा, पण स्वभावातली ती तिडीक कदाचित साठाव्या वर्षीही असेल. ती असणं हे देव तुझ्यावर नाराज असल्याचं लक्षण धरू नकोस. ती असेल म्हणून तू रोज क्रुसापाशी थांबशील, आणि जिला राग येतच नाही अशी बाई कदाचित थांबणार नाही.

आणखी एका संतांचं सांगायचं राहिलं तर हे उत्तर अर्धं राहील. चीनच्या हपै प्रांतात मार्क जी तियानश्यांग नावाचे डॉक्टर होते. पोटाच्या दुखण्यावर अफू घेतली आणि अफूचं व्यसन लागलं. कन्फेशनला जायचे, तेच पाप, परत तेच पाप, शेवटी फादरांनी सांगितलं की व्यसन सोडेपर्यंत क्षमा देता येणार नाही. त्या काळी व्यसन हा आजार आहे ही समज नव्हती. ताई, हा माणूस सुमारे तीस वर्षं संस्कारांशिवाय, म्हणजे कन्फेशनची क्षमा आणि कम्युनियन न मिळता, राहिला आणि तरी चर्च सोडलं नाही. अफू सुटली नाही आणि देवही सुटला नाही. १९०० मध्ये बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांना मारायला सुरुवात झाली तेव्हा ते कुटुंबासोबत पकडले गेले, आणि त्यांनी विनंती केली की मला सगळ्यात शेवटी मारा, म्हणजे माझ्या घरातलं कुणी एकटं मरणार नाही. १ ऑक्टोबर २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना इतर चिनी हुतात्म्यांसोबत संतपद दिलं. ज्याला वेदीजवळ जाता येत नव्हतं त्याचं नाव आज वेदीवरून घेतलं जातं. तुला तर कुणी अडवलेलंही नाही, तू स्वतःच स्वतःला अडवते आहेस, म्हणून मी एवढं कळवळून लिहितेय.

सप्टेंबरात बांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला जात असशील. तिथे चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात, पाय, हात, डोळे, बाळ, घर, सगळं मेणाचं. ज्याचा पाय दुखतो तो पाय घेतो, ज्याला मूल हवंय तो बाळ घेतो, कोळी, ख्रिस्ती, हिंदू सगळे रांगेत. तिथे कुणीही आपला धडधाकट अवयव माउलीला दाखवायला आणत नाही, जे मोडलंय त्याचाच आकार हातात धरून सगळे चढ चढतात. या वर्षी तू हात घे. फ्रॅक्चर झालेले लोक घेतात तसाच मेणाचा हात, आणि तो ठेवताना सांग की माते, हा माझा हात, हा पोरावर उठतो, तुझ्या लेकाला सांग. सप्टेंबर लांब असेल तर तोपर्यंत थांबू नकोस, येत्या रविवारी मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस वर नेतात तेव्हा बाकावर बसल्या बसल्या आपले दोन्ही हात मांडीवर उघडे ठेव आणि तेच म्हण.

शेवटी सासूबाईंचं आणि तुझ्या वेळेचं, कारण तू जे पाप म्हणून लिहिलंयस त्यातलं बरंचसं ओझं आहे असं मला वाटतं, आणि ओझं कन्फेशनने हलकं होत नाही, वाटून घेतल्याने होतं. तुझ्या प्रश्नात नवऱ्याचा उल्लेखच नाही. ते घरी असतात का, आईचं काही करतात का, दीर-नणंदा आहेत का, हे मला माहीत नाही, पण असतील तर आठवड्यातली दोन संध्याकाळं त्यांच्यावर टाक. हे मागणं स्वार्थीपणा नाही. बायबलमध्ये लढाईच्या वेळी वर धरलेले मोशेचे हात सुद्धा दमले होते तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्हीकडून धरले होते. नुसतं 'मदत करा' म्हणून भागत नाही, वार आणि वेळ सांगावी लागते, मंगळवारी सात ते नऊ आईचं सगळं तुम्ही बघायचं. घरात कुणीच नसेल तर धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल या मदतसंस्थेच्या लोकांशी किंवा तुमच्या भागातल्या छोट्या ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाशी बोल, तासभर कुणीतरी बसायला येऊ शकतं.

रविवारी सासूबाईंना एकटं ठेवता येत नसेल आणि म्हणून मिस्सा चुकली तर ते पाप धरू नकोस, आजाऱ्याची जबाबदारी हे चर्च मानतं असं रास्त कारण आहे. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही हा नियम सुद्धा म्हाताऱ्या, आजारी माणसांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना शिथिल आहे, त्यामुळे सकाळी त्यांना भरवता भरवता दोन घास तुझ्या पोटात गेले म्हणून मागे बसू नकोस. आणि त्यांना घरी कम्युनियन मिळतं का? मिळत नसेल तर पॅरिश ऑफिसला फोन करून त्यांचं नाव आजाऱ्यांच्या यादीत घालायला सांग, आजाऱ्यांना तेल लावायच्या संस्काराबद्दलही विचार, तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी असतो हा जुना गैरसमज आहे, गंभीर आजारात तो घेता येतो आणि तब्येत आणखी बिघडली तर परत घेता येतो. बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी कम्युनियन घेऊन येतात, तेव्हा तू ट्रेनमध्ये असशील, म्हणून रविवारी किंवा तुझ्या सुट्टीच्या दिवशी येता येईल का ते आधीच विचारून घे. आलेल्यांना सांग की घरात दोघींना कम्युनियन हवंय, आणि मुलांना त्या वेळी टीव्ही बंद करून आजीच्या खाटेजवळ बसव.